कोड आणि डॉक्समध्ये एकच स्पेलिंग कसं ठेवायचं

कोडमध्ये कॅन्सल्ड एका एलने, डॉक्समध्ये डबल एलने, मग सर्च केलं की अर्धंच सापडतं आणि टीममध्ये नवीन आलेला विचारतो हे दोन वेगळे स्टेटस आहेत का. आधी रेपोच्या (प्रोजेक्टचा कोड जिथे असतो त्याच्या) रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरला, दोन्ही स्पेलिंगसाठी गिट ग्रेप ही शब्द शोधायची कमांड मारा, मायनस आय लावून, म्हणजे कॅपिटल-स्मॉल सगळं येतं, आणि जे रूप जास्त दिसेल तेच फायनल करा, ब्रिटिश की अमेरिकन हा वाद घालत बसू नका. ठरलेलं एका छोट्या फाईलमध्ये लिहा, शेजारी नको असलेलं रूपही.

डॉक्स, कॉमेंट्स बिनधास्त बदला. पण पब्लिक एपीआय (बाहेरचे लोक वापरतात ती नावं), डेटाबेसचा कॉलम, जेसन डेटातली की म्हणजे फील्डचं नाव यांवर सरसकट फाइंड-रिप्लेस नको, दुसऱ्यांचा कोड तुटतो. एचटीटीपीचा रेफरर हेडर (कुठल्या पानावरून आलात ते सर्व्हरला सांगणारा) बघा ना, 1996 च्या आरएफसी 1945 या एचटीटीपीच्या दस्तऐवजात एक आर कमी पडलेला, तो आजही तसाच, आणि नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी या हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर! बदलायचंच असेल तर जुनं नाव डेप्रिकेटेड करून, म्हणजे आता वापरू नका असं सांगून, काही व्हर्जन चालू ठेवा.

मग सीआयमध्ये (कोड टाकला की आपोआप होणाऱ्या तपासण्यांत) कोडस्पेल हे स्पेलिंग तपासणारं टूल लावा, पण ते नेहमीचे टायपोच पकडतं, एका-दोन एलचा प्रकार डीफॉल्टला सोडून देतं, त्यासाठी व्हेल या लेखन तपासणाऱ्या टूलमध्ये सब्स्टिट्यूशनचा (हे नको, ते वापरा असा) नियम स्वतः लिहिता येतो.