आगमनकाळात मन स्थिर कसे ठेवावे: इंदूरच्या घरांसाठी

डिसेंबर उजाडला की इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरात सगळेच एकदम अंगावर येते: मुलांच्या सहामाही परीक्षा, लग्नाची आमंत्रणे, गायनमंडळाचा सराव, महिला संघाचा कार्यक्रम, फराळ, पाहुणे. नाताळच्या उपासनेत डोळे मिटतात ते प्रार्थनेने नव्हे, झोपेने. यावर उपाय म्हणून आणखी एक कार्यक्रम वाढवू नका. शांतीसाठी आधी जागा रिकामी करावी लागते, म्हणून सुरुवात कॅलेंडरवरची कामे खोडण्यापासून करा.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी. त्याच्या आदल्या शनिवारी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून दर आठवड्याच्या दोन संध्याकाळी रिकाम्या ठेवाव्यात आणि त्या तशाच राहू द्याव्यात. घरोघरी नाताळगीते गायला जाणाऱ्यांनी गायनमंडळाच्या प्रमुखाला पहिल्याच सरावात सांगावे, ‘आठवड्यातून तीनच संध्याकाळी येऊ शकेन.’ पंधरा तारखेला असे सांगितले तर मने दुखावतात. पहिल्या दिवशी सांगितले तर घरांची वाटणी तशी करता येते. २५ला सुट्टी असली तरी बहुतेक कचेऱ्यांना २४ला नसते, तेव्हा त्या दिवसाची अर्धी रजाही याच आठवड्यात टाकून ठेवा. राजवाडा आणि शीतलामाता बाजारातली खरेदी १० डिसेंबरपर्यंत आटोपा, तीही सकाळी दुकाने उघडताच.

आता रोजचे वाचन. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, म्हणून रोज एक अध्याय वाचण्याची योजना पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते. ती चांगली आहे, पण या दिवसांत टिकत नाही. पहिलाच अध्याय ८० वचनांचा. तो राहिला की दुसऱ्या दिवशी दोन अध्याय, तिसऱ्या दिवशी तीन, आणि आठवडाभरात पुस्तक मिटते. त्यापेक्षा १ ते २५ डिसेंबर रोज फक्त चार वचने घ्या. पहिल्या अध्यायाची ८० आणि दुसऱ्या अध्यायाची पहिली २०, अशी बरोबर १०० वचने होतात. ५ तारखेला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या मुका होतो आणि १६ला त्याला पुन्हा वाचा फुटते. मधले दिवस तो माणूस गप्प आहे, हे लक्षात ठेवून वाचले तर त्या मौनाचा भार जाणवतो. १२ ते १४ या दिवसांत मरीयेचे गीत येते. २० तारखेला जखऱ्या आपल्या गीतात शांतीच्या मार्गाविषयी बोलतो, २२ला येशूबाळाचा जन्म होतो, आणि पृथ्वीवर शांती असे गाणारे देवदूत नेमके २४ तारखेला भेटतात. एखादा दिवस चुकला तर मागची वचने भरून काढत बसू नका. आजची तारीख उघडा.

वाचनाला १५ मिनिटे पुरतात आणि ती सकाळचीच असावीत. डिसेंबरअखेर इंदूरमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला अंधार असतो, थंडी असते, फोन वाजत नाही. रात्रीवर ढकललेली प्रार्थना गायनमंडळाच्या फेरीत आणि भांड्यांच्या ढिगात हरवते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वचनासाठी छापील पवित्र शास्त्र वापरा, कारण ॲपवर वाचताना वरून घसरत आलेला एक संदेश सगळे लक्ष घेऊन जातो. चार वचने मोठ्याने दोनदा वाचा. मग पाच मिनिटे काहीही न मागता बसा. मन धावू लागले की श्वास घेताना ‘ये’ आणि सोडताना ‘प्रभू येशू’ असे मनात म्हणा; प्रकटीकरण या पवित्र शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस हीच प्रार्थना आहे. मन धावणारच. दर वेळी ते परत आणणे हीच इथली साधना आहे, त्यामुळे जमत नाही म्हणून उठून जाऊ नका. शेवटी दिवसातल्या सर्वांत अवघड कामाचे आणि ज्याच्याशी ते करायचे त्या माणसाचे नाव देवापुढे घ्या.

घरात लहान मुले असतील तर चार मेणबत्त्यांचे ताट करा आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत पेटवा. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न यांनी आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून असे मेणबत्त्यांचे चाक केले होते. पितळी परातीत दोन सेंटिमीटर ओली वाळू पसरा, त्यात मेणबत्त्या रोवा आणि भोवती अंगणातल्या मोरपंखीच्या डहाळ्या लावा. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी मिळाली नाही तर पांढऱ्यांना त्या रंगाची फीत तळाशी बांधली तरी चालते. पहिल्या मेणबत्तीला रोज १५ मिनिटे धरली तरी एकूण साडेपाच ते सात तास जळायचे असते, म्हणून बारीक मेणबत्ती पुरत नाही. निदान पाच सेंटिमीटर जाडीची घ्या. वाळूवर रोज पाणी शिंपडा आणि डहाळी ज्योतीपासून चार बोटे खाली राहील असे पाहा. सुकलेली मोरपंखी झटकन पेट घेते.

फराळाचा क्रम टिकाऊपणावरून ठरवा. शंकरपाळे आणि चकल्या १२ ते १४च्या दरम्यान करून हवाबंद डब्यात भरा. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या १८-१९ला. माव्याच्या करंज्या दोन-चार दिवसच चांगल्या राहतात, म्हणून त्या २२ला, आणि त्यानंतर कढई चढवू नका. शेव-नमकीन घरीच करायचा आग्रह तर सोडाच. इंदूरमध्ये राहून ती मेहनत कशासाठी? दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून ताट आले त्यांची यादी आधी करा, म्हणजे किती करायचे ते कळते आणि अर्धे पीठ उगाच मळले जात नाही.

सगळ्यांत कठीण काम वेगळेच असते. घरातल्या कुणाशी अबोला असेल, तर कितीही मेणबत्त्या लावल्या तरी मन स्थिर होत नाही. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितले आहे. तिसऱ्या रविवारच्या आत फोन करा. व्हॉट्सॲपवर लिहू नका, लिहिलेल्या ओळीत सूर चुकीचा ऐकू येतो. तीन वाक्ये पुरेत: आठवण येते, माझ्याकडून दुखावले गेले असेल तर क्षमा कर, नाताळला भेटू या. चूक कुणाची होती हा विषय निघाला की संभाषण जुन्या वाटेने जाते, तेव्हा तो त्या दिवशी काढूच नका. समोरच्याने फोन ठेवून दिला तरी तुमचा भाग झाला. आणि ज्या घरात या वर्षी मृत्यू झाला आहे तिथे ढोलकी घेऊन थेट दारात उभे राहू नका. आधी विचारा. ‘या’ म्हणाले तर दोघे-तिघेच जा, एक संथ गीत म्हणा आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करा. लोक नाव टाळतात, आणि घरच्यांना नेमके तेच खुपते.

२४ला संध्याकाळी पाचनंतर स्वयंपाकघर बंद. आंघोळ, साधे जेवण, तासभर झोप, आणि मग मध्यरात्रीच्या उपासनेला निघा. २५ची चार वचने पाहुणे यायच्या आत वाचा. त्या दिवशी सगळ्यांकडे जाणे जमणार नसते, आणि घाईतल्या दहा मिनिटांच्या भेटीने कुणाचेच समाधान होत नाही. नाताळचा काळ ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी) चालतो. म्हणून उरलेल्या नातेवाइकांना आधीच कळवा, ‘आत्या, आम्ही २८ला सावकाश येतो,’ आणि करंज्यांचा एक डबा त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवा, माव्याचा नको, खोबऱ्याचा.