स्विच्ड कपॅसिटरचा रेझिस्टर एलटीस्पाइसमध्ये कसा तपासावा

१ पिकोफॅरडचा कपॅसिटर १०० किलोहर्ट्झच्या क्लॉकवर इकडून तिकडे जोडत राहिलात, की तो १० मेगाओमच्या रेझिस्टरसारखा वागतो. सूत्र: रेझिस्टन्स = १ ÷ (क्लॉक × कपॅसिटन्स). मात्र हे साम्य सरासरी करंटपुरतंच आहे, म्हणून एलटीस्पाइस या सर्किट-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये आधी सरासरीच मोजा.

सर्किट असं: १ व्होल्टचा सोर्स, स्विच, मधल्या नोडवरून ग्राउंडला कपॅसिटर, दुसरा स्विच, पलीकडे ० व्होल्टचा सोर्स. स्विच मॉडेलमध्ये ऑन-रेझिस्टन्स १ किलोओम, ऑफ १ टेराओम, थ्रेशोल्ड ०.५ व्होल्ट. दोन्ही स्विचचे क्लॉक ० ते १ व्होल्टचे पल्स: पीरियड १० मायक्रोसेकंद, ऑन-टाइम ४.५ मायक्रोसेकंद, चढ-उतार १० नॅनोसेकंद. दुसऱ्याला ५ मायक्रोसेकंद डिले. कमाल टाइमस्टेप २० नॅनोसेकंद ठेवून १.१ मिलिसेकंदांचं ट्रान्झियंट (वेळेनुसार सिम्युलेशन) चालवा आणि शेवटच्या १ मिलिसेकंदाची, म्हणजे पूर्ण १०० सायकलची सरासरी घ्या. १०० नॅनोअँपिअर यायला हवेत. १ व्होल्टच्या सोर्सचा करंट ऋण दिसेल. स्पाइसची ती रीतच आहे.

आकडा फुगला तर आधी क्लॉक पाहा. दोन्ही स्विच एकाच वेळी ऑन झाले, तर सोर्स थेट २ किलोओममधून जोडले जातात. असा ओव्हरलॅप नुसता १० नॅनोसेकंद टिकला तरी ५ पिकोकूलॉम चार्ज निसटतो. कपॅसिटर बिचारा सायकलला १ पिकोकूलॉमच नेतो. ऑफ-रेझिस्टन्स १ मेगाओम ठेवला, तरी गळतीच सुमारे १ मायक्रोअँपिअर होते. आणि स्पाइसमध्ये नुसता ‘एम’ म्हणजे मिली. मेगासाठी ‘मेग’ लिहा.

आता ० व्होल्टच्या सोर्सऐवजी १० पिकोफॅरड लावा. लो-पास फिल्टर झाला. साध्या आरसी हिशेबाने टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद, पण सिम्युलेशनमध्ये सुमारे १०५ दिसेल. चूक शोधत बसू नका: दर सायकलला चार्ज दोन कपॅसिटरांत वाटला जातो, उरलेला फरक १०/११ पट होतो. आउटपुट शून्यापासून सुरू केलं, तर दहा सायकलनंतर ते ०.६१ व्होल्ट, आरसीचं ०.६३. कपॅसिटरांचं गुणोत्तर वाढवलं की ही तफावत घटते.

एसी अ‍ॅनालिसिस (फ्रिक्वेन्सीनुसार प्रतिसाद दाखवणारं विश्लेषण) या सर्किटवर थेट चालवू नका. ते डीसी ऑपरेटिंग पॉइंटवर स्विच गोठवतं. इथे क्लॉक शून्यावर असल्याने दोन्ही ऑफच राहतात. त्यासाठी दोन्ही स्विच आणि १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरच्या जागी १० मेगाओमचा खरा रेझिस्टर ठेवा, आणि क्लॉकच्या बऱ्याच खालच्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच त्या आलेखावर विसंबा. ५० किलोहर्ट्झच्या (अर्ध्या क्लॉकच्या) वरच्या इनपुटचं एलियासिंग, म्हणजे ते खालच्या फ्रिक्वेन्सीसारखं भासणं, त्यात दिसतच नाही.