भिगवणला पक्षी पाहायला जाताना

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण लागते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याचा फुगवटा या परिसरात पसरला. त्याच्या उथळ काठांवर व चिखलात पाणपक्ष्यांना भरपूर खाद्य मिळते. पक्षिनिरीक्षणाची सुरुवात येथूनच करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण जंगलात पानांआडचा पक्षी शोधण्यातच नवख्याची सकाळ निघून जाते. येथे पक्षी उघड्यावर असतात आणि डोळ्यांना पाहण्याची सवय लवकर लागते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. तरीही दिनदर्शिकेपेक्षा धरणातील पाण्यावर अधिक भिस्त ठेवावी. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चालत, मान खाली घालून आणि चोच उलटी धरून चिखलपाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यामुळे धरण तुडुंब असेल तर त्याला पाय टेकायलाच जागा उरत नाही आणि त्याचे येणे लांबते. कुंभारगाव किंवा डिकसळ येथील नावाड्याला आधी फोन करून पाणी कितपत उतरले आहे ते विचारावे, मुक्काम आदल्या रात्रीच गाठावा आणि सूर्योदयाला होडीत बसावे.

दुर्बीण ८×४२ ची घ्यावी. यातील ८ हा आकडा पक्षी किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. याहून अधिक पटीची दुर्बीण डुलत्या होडीत फार हलते. पक्षी दिसताच खाली दुर्बिणीकडे पाहू नये. नजर पक्ष्यावर खिळवून ठेवावी आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. घरी गच्चीवरून चार दिवस कावळ्या-पारव्यांवर हा सराव केला, तर होडीत चाचपडावे लागत नाही.

ओळख पटवताना रंगाच्या आधी आकार, चोच आणि वागणूक पाहावी. मराठी नावे येथे फार मदत करतात. थापट्या बदकाची चोच टोकाला थापीसारखी पसरट असते, तर तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब आणि टोकदार असते. पट्टकादंब हंसाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. दुर्बिणीतून ते मोजता आले की हा पक्षी हिमालय ओलांडून येथवर आला आहे या जाणिवेने अंगावर काटा येतो. प्रत्येक पक्ष्याची वेळ, जागा आणि तो काय करत होता हे वहीत तिथल्या तिथे टिपावे, नाव नंतर शोधता येते.

आता होडीतील वर्तनाविषयी, कारण मला सर्वाधिक कळकळ याचीच आहे. रोहिताला अग्निपंख असेही म्हणतात, आणि ते लालभडक पंख छायाचित्रात हवेत म्हणून होडी थव्यात घालून पक्षी उडवायला लावणारे लोक मी पाहिले आहेत. अन्न खाण्याच्या वेळी पक्ष्यांना अशी धावपळ करावी लागते आणि त्यांची शक्ती वाया जाते. कुरव, म्हणजेच सीगल, पक्ष्यांना शेव-गाठीही टाकू नयेत. थव्यातील माना एकाएकी ताठ उभ्या राहिल्या आणि पक्षी आपल्यापासून दूर चालू लागले, तर आपण फार जवळ आलो असे समजावे व नावाड्याला मागे घ्यायला सांगावे.

योग्य अंतरावर इंजिन बंद करून अर्धा तास नुसते बसावे. थोड्या वेळाने माना पुन्हा पाण्यात जातात, चिखल ढवळणाऱ्या पायांची चुळबुळ आणि हंसासारखा घोगरा आवाज ऐकू येऊ लागतो. मग एखादा रोहित एका पायावर उभा राहून आळस देतो, एक पंख सावकाश मागे ताणतो, आणि फिकट गुलाबी पिसांखालचा लाल रंग व काळी किनार आपल्या डोळ्यांसमोर उलगडते.