पावसात ट्रायथलॉन रिले: समुद्र, सायकल आणि मधल्या दोन बदल्या

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन स्पर्धा होते. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. एकट्याला हे झेपणार नसेल तर तिघांनी मिळून रिले संघ करता येतो: एक पोहतो, एक सायकल चालवतो, एक धावतो. स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, म्हणजे परतीचा पाऊस आणि अरबी समुद्रातले कमी दाबाचे पट्टे यांचाच हंगाम. क्यार चक्रीवादळ २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस आलं, फयान २००९ च्या नोव्हेंबरात. त्यामुळे सराव करतानाच हवा बिघडेल असं गृहीत धरलेलं बरं.

खराब हवेत रिले संघाचं नुकसान पोहताना किंवा पळताना होतं त्याहून जास्त उभं राहण्यात होतं. पोहणारा उशिरा येतो, सायकलवाला भिजून कुडकुडत असतो, धावणाऱ्याचे बूट आधीच ओले झालेले असतात आणि वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा वाळूने भरून चिकटत नाही. हे सगळं आदल्या दिवशी तासभर बसून टाळता येतं.

आदल्या दिवशी काय ठरवायचं

पहिला प्रश्न: पोहणं रद्द झालं तर? समुद्र खवळलेला असेल तर आयोजक अंतर कमी करतात किंवा पोहणं काढून टाकतात. मग कधी सुरुवातीला छोटी धाव ठेवतात, कधी थेट सायकलने सुरुवात होते. ती पहिली धाव संघातल्या कोणी धावायची, याचा नियम स्पर्धेच्या माहितीसत्रात विचारून घ्या. पोहणाऱ्याने धावायचे बूट बरोबर आणलेले असले पाहिजेत, हे बहुतेक संघ विसरतात.

दुसरं, भरतीचं गणित. कोकणातला जुना हिशेब इथेही अंदाजाला चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. सातला पाण्यात उतरलात तर ओहोटी लागलेली असेल. मिरामारला मांडवीचं मुख शेजारीच असल्यामुळे ओहोटीला नदीचं पाणीही बाहेर ओढतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ही ओढ जास्त. नक्की वेळेसाठी भरतीचा तक्ता बघाच, पण या हिशेबामुळे आपण काय बघतोय ते कळतं.

तिसरं, वेळांचा कागद. स्पर्धेत फोनवर अवलंबून राहता येत नाही. प्रत्येकाच्या दोन वेळा लिहा, चांगल्या हवेतली आणि खराब हवेतली. तलावात ४० मिनिटांत १.९ किलोमीटर पोहणाऱ्याला लाटांमध्ये ४५ ते ५० लागतील असं धरा. तीन तासांच्या सायकलीला पावसात १० ते २० मिनिटं जादा. पुढचा माणूस चांगल्या हवेतल्या वेळेच्या १० मिनिटं आधी रॅकपाशी (सायकली लावायच्या स्टँडपाशी) हजर हवा. वेळमर्यादा संघालाही लागू असतात. या अंतराला साधारणपणे पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं आणि एकूण साडेआठ तास असतात, पण त्या वर्षीच्या पुस्तिकेतले आकडे पाहून घ्या.

पोहणारा

संघ निवडताना तलावातली वेळ बघून पोहणारा ठरवू नका. तलावात पाच मिनिटांनी मागे असलेला, पण मालवणच्या चिवला बीचच्या सागरी जलतरणासारख्या स्पर्धा पोहलेला माणूस खराब समुद्रात पुढे निघेल.

या दिवसांत पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वेटसूट (पोहण्याचा रबरी पोशाख) घालायला मिळणार नाही आणि त्याचा तरंगायला होणारा आधारही नाही. मोठा पाऊस झाला असेल तर नदी गाळ घेऊन येते, पाणी तपकिरी होतं, स्वतःचा पुढे केलेला हातही दिसत नाही. गॉगल पारदर्शक काचेचा घ्या, काळा नको. आत बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं धुऊन घ्या म्हणजे धुकं धरत नाही. मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावा. खारं पाणी आणि गाळ मिळून कातडी सोलून काढतात.

फुटणाऱ्या लाटेवरून उडी मारायला जाऊ नका, ती मागे फेकते. लाट फुटायच्या आत बुडी मारा, तळाची वाळू हाताने धरा, लाट वरून गेली की पायाने ढकलून वर या. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत हे करत जायचं. पुढे दर सहा ते आठ हातांनी डोकं वर काढून दिशा बघा, आणि तेही लाटेच्या माथ्यावर असताना. खोलगटात असताना नुसतं पाणी दिसतं. बोयाच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) मागची उंच इमारत किंवा माड आधीच हेरून ठेवा, कारण बोया लाटांत लपतो. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे. वारा उजवीकडून असेल तर डावीकडेच तोंड काढायचं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, आणि दम तुटला तर हात वर करून कायाकवाल्याला बोलवा. होडी धरून विश्रांती घेतली म्हणून सहसा कोणी बाद करत नाही, तिच्या आधाराने पुढे सरकलात तर करतात.

विजेबाबत घासाघीस नको. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्याबाहेर या. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाईपर्यंत पुन्हा उतरायचं नाही.

पहिली बदली

संघाची काठी म्हणजे घोट्याला बांधलेली चिप. डाव्या घोट्याला बांधतात, कारण सायकलची साखळी उजवीकडे असते. पट्टा वेल्क्रोचा असतो आणि ओली वाळू शिरली की तो पकडत नाही. रॅकपाशी एक लिटर गोड्या पाण्याची बाटली आणि कोरडा रुमाल ठेवा. पोहणाऱ्याने पाय पुढे करायचा, सायकलवाल्याने पाणी ओतून पट्टा सोडवायचा, रुमालाने दाबून पुसायचा, आपल्या पायाला बांधून वरून सेफ्टी पिन टोचायची. पिन घरून लावून पाहा. पावसात गारठलेल्या बोटांना ती उघडत नाही. जाड, मोठी पिन घ्या.

क्रम चुकला की दंड होतो. चिप हातात येईपर्यंत सायकल रॅकवरच. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद. दुसऱ्या बदलीत, सायकल परत आल्यावर, आधी सायकल रॅकवर, मग चिप सोडवायची, मग हेल्मेट काढलं तरी चालेल.

रॅकची ओळ मोजून ठेवा. पावसात सगळ्या सायकलींवर एकसारखी प्लास्टिकं चढलेली असतात आणि स्वतःची सायकल शोधण्यात मिनिट जातं.

सायकल

पावसात सगळ्यात जास्त फरक पाडतो तो टायरमधला दाब. सत्तर किलोच्या माणसाने २५ मिलिमीटर टायरमध्ये कोरड्यात ९० पीएसआय ठेवले असतील तर ओल्यात ७५ ते ८० ठेवावेत. २८ मिलिमीटरमध्ये ६५ ते ७०. दाब कमी केला की टायर रस्त्याला जास्त टेकतो. फार कमी केला तर खड्ड्यात रिमवर (चाकाच्या कडेवर) आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात, म्हणून याच्या खाली जाऊ नका.

रिम ब्रेक असतील तर चाकाची पहिली एक-दोन फिरकी नुसतं पाणी पुसण्यात जाते, ब्रेक नंतर लागतो. कार्बन रिमवर हे जास्त जाणवतं. म्हणून वळण दिसलं की आधीच ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्या आणि थांबायला कोरड्यापेक्षा दुप्पट अंतर धरा. आदल्या रात्री ब्रेक पॅड काढून त्यात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. डिस्क ब्रेकचा शत्रू म्हणजे तेल: साखळीला वंगण घालताना रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) जुनं कापड टाका. साखळीला पावसाळी वंगण, प्रत्येक कडीला एक थेंब, रात्रभर ठेवून सकाळी बाहेरून कोरडं पुसा.

पुढच्या चाकाची रिम ४० मिलिमीटरपेक्षा खोल नको. मिरामार ते दोना पावलासारख्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वाऱ्याचा झोत आडवा येतो, आणि इमारतींची भिंत संपते तिथे एकदम येतो. अशा ठिकाणी एरोबार (पुढे हात टेकवायचे दांडे) सोडून हात ब्रेकवर. झेब्रा क्रॉसिंग, पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे हे सायकल सरळ ठेवूनच ओलांडा. वळताना बाहेरचा पाय खाली, त्यावर भार. डबक्यातून जाऊ नका. आत खड्डा किती आहे ते कळत नाही. बरेच दिवस कोरडे गेल्यावर पडलेल्या पावसाची पहिली १५-२० मिनिटं सगळ्यात निसरडी असतात, तेव्हा वेग काढायचा मोह आवरा.

ओल्या रबरात काच सहज घुसते, म्हणून दोन ट्यूब, ट्यूब फुगवायला १६ ग्रॅमच्या दोन सीओटू नळकांड्या, टायर उचकायला दोन लिव्हर. पुढच्यापासून नियमाप्रमाणे १२ मीटर अंतर ठेवाच, त्यात तोंडावर येणारा चिखलही वाचतो. तांबडा मागचा दिवा लावा. एनर्जी जेलची पाकिटं ओल्या बोटांनी फाटत नाहीत. ती आधीच बाटलीत पाण्यात मिसळून न्या, ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील अशा हिशेबाने.

वाट पाहणारे आणि धावणारा

गोव्यात थंडी कसली वाजते, असं वाटेल. ओल्या कपड्यात, वाऱ्यात, तासभर न हलता उभं राहिलं की २५ अंशांतही दात वाजतात आणि मांड्या आखडतात. सायकलवाल्याला आणि धावणाऱ्याला स्वस्तातला रेनकोट, गळ्यात टॉवेल आणि चहाचा थर्मास द्या. पोहून आलेल्याला लगेच कोरडे कपडे.

धावणाऱ्याने चपलेत थांबायचं. बूट आणि मोजे दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, सायकल यायच्या १० मिनिटं आधी चढवायचे. मोजे सुती नकोत. बोटांच्या मध्ये, टाचेला, मांड्यांना आणि छातीवर व्हॅसलीन भरपूर. ओल्या कपड्याने एकवीस किलोमीटरमध्ये रक्त येतं. नाडीला दुहेरी गाठ. बूट जुनेच घ्या, आणि शक्यतो पातळ जाळीचे, पाणी बाहेर पडतं.

पाऊस थांबून ऊन आलं की हवा दमट होते आणि घाम सुकत नाही. अंगावर पाणी असल्यामुळे तहान कळत नाही, तरी ताशी ५०० ते ७०० मिलिलिटर प्या आणि त्यात मीठ असू द्या. नुसतं पाणी ढोसलं तर सोडियम घसरून मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते. सुरुवातीचे तीन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला १०-१५ सेकंद हळू जा. बसून आखडलेले स्नायू तेवढ्यात मोकळे होतात.

शेवटची रेषा ओलांडल्यावर चिप परत करा, हरवली तर पैसे भरावे लागतात. सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. सीटपोस्ट (सीटची दांडी) उपसून फ्रेम उलटी धरा, आतलं पाणी वाहून जाऊ द्या, ब्रेक पॅड काढून वाळू झटका आणि साखळी कोरडी करून नव्याने वंगण घाला. खारा वारा आणि चिखल एक रात्र तसाच राहिला तर सकाळी बोल्टांवर गंज दिसतो.