विमानात मनासारखी सीट कशी मिळवावी, आणि शेजारी त्रासदायक निघाला तर काय करावं

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी विद्या विमानात चालत नाही. तिथली जागा धरली जाते ती तिकीट काढताना, नाहीतर चेक-इन करताना. तरी आत चढल्यावर "जरा ॲडजस्ट करा ना" सुरू होतंच. म्हणून इथे निम्म्याहून जास्त गोष्टी घरी बसून करायच्या आहेत. विमानात करायचं थोडंच उरतं, आणि तेही बरंचसं क्रूवर सोपवता येतं.

१. सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा

कुटुंब विमानात विखुरतं ते बहुतेक वेळा इथेच. मोठ्या भावाच्या क्रेडिट कार्डवर सूट होती म्हणून चार तिकिटं त्याने काढली, उरलेली दोन दुसऱ्या दिवशी वहिनीने काढली. सहा जणांचं आडनाव एकच असलं तरी कंपनीच्या संगणकाला त्याचं काही नसतं. तुम्ही एकत्र आहात हे त्याला पीएनआरवरूनच कळतं. तिकिटं आधीच वेगवेगळी काढून झाली असतील तर ग्राहक सेवेला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडता येतात का ते विचारा, आणि दोन्ही तिकिटांचं वेब चेक-इन एकाच वेळी बसून करा.

लहान मुलं बरोबर असतील तर एक गोष्ट पक्की माहीत हवी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाबरोबर सीट द्यायची आणि तशी नोंदही ठेवायची. यातला 'निदान एका' हा भाग विसरू नका. आई आणि मूल पाचव्या रांगेत, बाबा चोविसाव्या, असं झालं तरी नियम पाळला गेलेलाच असतो. पण मूल एकटंच कुठेतरी टाकलं गेलं असेल, तर काउंटरवर विनवण्या न करता या आदेशाचं नाव घ्या.

२. सीटसाठी पैसे भरायचे की नाही ते ठरवा

पसंतीची सीट ही ऐच्छिक सेवा आहे, ती घ्यायची सक्ती नाही. वेब चेक-इनच्या पडद्यावर मात्र रंगीत सीट आणि त्यांचे दर ठसठशीत दिसतात, आणि पुढे जायचं बटण कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. ते शोधा. सीट न निवडता चेक-इन केलं तरी सीट मिळतेच, फक्त ती मधली किंवा मागची असायची शक्यता जास्त.

माझं मत विचाराल तर एकट्याने पुणे–बंगळुरूसारखा दीड तासाचा प्रवास करायचा असेल तर पैसे वाचवावेत. मुंबई–लंडन नऊ-दहा तासांचं आहे, तिथे जरूर भरावेत. गुडघे दुखणारी आई, वारंवार उठावं लागणारे बाबा, कडेवरचं मूल यांच्यासाठीही हात आखडता घेऊ नये. व्हीलचेअर लागणार असेल तर ती तिकीट काढतानाच नोंदवा.

दोघांनी जायचं असेल तर एक खुबी आहे. मागच्या रांगेत खिडकीची आणि वाटेकडची अशा दोन सीट घ्या आणि मधली सोडा. मधली सीट आपणहून कोणी घेत नाही, त्यामुळे विमान भरलेलं नसलं तर ती रिकामी राहण्याचा संभव असतो. कोणी आलंच, तर त्याला खिडकी देऊ केली की तो आनंदाने सरकतो.

देशांतर्गत विमानांचं वेब चेक-इन बहुतेक कंपन्या ४८ तास आधी उघडतात. फुकटात जे मिळतं ते पहिल्या तासाभरातच बरं मिळतं. तेव्हा जमलं नाही तर विमानतळावर वेळेआधी पोचा आणि काउंटरवर विचारा. राखून ठेवलेल्या काही सीट तिथे शेवटी मोकळ्या करतात. काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, त्यामुळे धावतपळत येऊन खिडकी मागण्यात अर्थ नाही.

३. सीटच्या नकाशात जे लिहिलेलं नसतं ते बघा

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये तीन-तीन सीट असतात. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी वाटेकडच्या, बी आणि ई मधल्या. एटीआर या छोट्या विमानात दोन-दोनच असतात, म्हणजे मधल्या सीटची भानगडच नाही. पण एटीआरचा प्रवाशांचा दरवाजा मागे असतो. हौसेने पहिल्या रांगेसाठी जादा पैसे भरणारा उतरताना सगळ्यांत मागे राहतो.

मोठ्या विमानातली पहिली रांग पायांना ऐसपैस असते, मात्र समोर भिंत असल्याने हातातली पिशवी वर ठेवावी लागते आणि जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीत दडवलेला असल्यामुळे सीट किंचित अरुंद असते. आणीबाणीच्या दाराजवळच्या रांगेतही पाय पसरता येतात, पण मुलं, गरोदर बायका किंवा दार उघडायला मदत करू न शकणाऱ्यांना ती देत नाहीत. त्याच्या लगेच पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे जात नाही. शेवटच्या रांगेचंही तेच, शिवाय स्वच्छतागृहाची रांग तुमच्या खांद्याशी उभी. बोइंग ७३७ मध्ये डाव्या बाजूला, पंखाच्या थोडं पुढे, एका रांगेला खिडकीच नसते, कारण तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते. पैसे भरून प्लास्टिकची भिंत बघत बसायचं नसेल तर निवडण्याआधी विमान कोणतं आहे ते पाहून घ्या.

आणि ऊन! सकाळी मुंबईहून दिल्लीला जाताना सूर्य उजवीकडे, म्हणजे एफच्या बाजूला असतो. संध्याकाळी दिल्लीहून परत येताना दिशाही बदलते आणि सूर्यही पलीकडे गेलेला असतो, त्यामुळे ऊन पुन्हा एफवरच. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने दोन्ही वेळा ए घ्यावी.

तान्हं बाळ असेल तर आणखी एक गोष्ट. तीन सीटच्या ओळीवर ऑक्सिजनचे मास्क साधारण चार असतात. त्यामुळे एका ओळीत मांडीवरची दोन बाळं बसवत नाहीत. बहीण-बहीण आपापली बाळं घेऊन शेजारी बसायचं ठरवत असतील तर आयत्या वेळी एकीला उठवतील. त्यांनी वाटेच्या अलीकडे-पलीकडे बसावं.

४. सीटची अदलाबदल रीतसर करा

मागायची असेल तर बरोबरीची किंवा सरस सीट देऊ करा. वाटेकडची हवी असेल तर वाटेकडचीच द्या. स्वतःची मधली सीट पुढे करून दुसऱ्याची खिडकी मागणं म्हणजे विनंती नव्हे, आगाऊपणा. आणि दुसऱ्याच्या जागेवर आधी बूड टेकवून मग विचारू नका. विमान सुटायच्या आधी बदल करायचा तर क्रूला विचारूनच करा. एटीआरसारख्या छोट्या विमानात कोण कुठे बसलंय यावर वजनाचा तोल अवलंबून असतो.

तुमच्या जागेवर कोणी बसलेलं दिसलं तर एवढं पुरतं: "काका, चौदा ए माझी आहे. तुमचा पास एकदा बघता का?" दहातल्या आठ वेळा ते खरंच चुकून बसलेले असतात. "बसा हो कुठेही, सगळे एकाच वेळी पोचणार" असं उत्तर आलं, तर वाद घालू नका आणि त्यांच्या सीटवरही जाऊन बसू नका. एकदा तिथे बसलात की तुम्ही अदलाबदल मान्य केली असंच सगळे धरतात. वाटेतून जरा बाजूला उभे राहा आणि क्रूला पास दाखवा. दोघांच्या पासवर एकच नंबर निघाला तर आधी तारीख आणि फ्लाइट नंबर जुळतो का बघा. तरीही एकच असेल तर ती कंपनीची चूक, निस्तरायची त्यांनीच.

तुम्हाला कोणी सीट मागितली आणि द्यायची नसेल, तर "सॉरी ताई, मी ही मुद्दाम घेतलीय" म्हणायचं आणि थांबायचं. कारणं देऊ नका. एक कारण दिलंत की समोरून त्यावर तोडगा येतो, मग दुसरं कारण शोधा. मूल एकीकडे आणि आई दुसरीकडे असेल तर मी सीट देईन. पण तो माझा खुशीचा मामला आहे, भोवतीच्या चार जणांनी माझ्याकडे रोखून बघावं असं कर्तव्य नव्हे.

५. त्रास झाला तर एकदा सांगा, मग बेल दाबा

कोपराची ओढाताण आधी मिटवू. मधल्याला दोन्ही दांड्या हा जगभर मानला जाणारा अलिखित संकेत आहे. खिडकीवाल्याला भिंत आहे, वाटेकडच्याला मोकळी बाजू आहे, मधल्याला दुसरं काहीच नाही.

पाठ मागे करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण उड्डाण, उतरणं आणि जेवणाच्या वेळी ती सरळ हवी. समोरच्याने ट्रेवरच्या चहासकट पाठ मागे लोटली तर "दादा, चहा संपेपर्यंत जरा सरळ ठेवता का?" असं विचारा. मुदत घातलेली विनंती सहसा कोणी मोडत नाही.

मागून मूल लाथा मारत असेल तर मुलाला दटावू नका, पालकांशी बोला, आणि तेही वळून, हसून. पहिल्याच वाक्यात आवाज चढला तर आई-बाप मुलाची बाजू घेणार हे ठरलेलं. मोबाइलवर मोठ्याने रील्स बघणाऱ्याला "तुमच्याकडे इअरफोन नाहीत का?" हा टोमणा मारण्यापेक्षा "आवाज बंद करता का, प्लीज" हे सरळ चांगलं. गप्पिष्ट शेजाऱ्यावर मात्र इअरफोन हाच उतारा, त्यात गाणं सुरू नसलं तरी चालतं. अनवाणी पाय तुमच्या दांडीवर आले, शेजाऱ्याचं अंग तुमच्या सीटवर येत असलं किंवा वास असह्य झाला, तर स्वतः बोलूच नका. यात समोरचा दुखावला जातो आणि पुढचे दोन तास तुम्हाला त्याच्याच शेजारी काढायचे असतात. पाणी आणायच्या निमित्ताने उठून मागे जा आणि क्रूला हळूच सांगा. रिकामी सीट असेल तर ते तुम्हालाच हलवतात.

बाकी सगळ्यासाठी क्रम एकच: स्वतः एकदा, शांतपणे. ऐकलं नाही तर डोक्यावरची बेल. दुसऱ्यांदा स्वतः सांगितलं की त्याचं भांडण होतं, आणि भांडणात क्रूला दोघेही सारखेच दिसतात.

६. हद्द ओलांडली तर सगळं नोंदवून घ्या

भारतातल्या देशांतर्गत विमानांत दारू देत नाहीत, पण विमानतळावर पिऊन चढणारे असतात, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात स्वतःची बाटली आत उघडणारेही. स्वतःची बाटली विमानात पिणं चालत नाही. दिसलं तर लगेच क्रूला सांगा, तो बरळायला लागेपर्यंत थांबू नका.

शिवीगाळ, धक्काबुक्की किंवा अंगचटीला येणं झालं तर बेल दाबा, उठून क्रूच्या जागेपाशी जा आणि सीट बदलून मागा. कॅप्टनला कळवायला सांगा. पोलिसांना विमानापाशी बोलावण्याची सोय तोच करू शकतो. वेळ, फ्लाइट नंबर, त्या माणसाचा सीट नंबर आणि आसपासच्या साक्षीदारांचे सीट नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. व्हिडिओ काढत असाल आणि क्रूने मनाई केली तर थांबा, नाहीतर गोंधळ घालणाऱ्यांत तुमची गणना व्हायची.

आणि तक्रार त्याच दिवशी, लेखी. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाच्या न्यूयॉर्क–दिल्ली विमानात नशेतल्या एका प्रवाशाने एका ज्येष्ठ महिलेच्या अंगावर लघवी केली. उतरल्यावर तो निघून गेला, आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो जानेवारी २०२३ मध्ये. त्या प्रवाशावर चार महिन्यांची बंदी आली, डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. प्रकरण विमानातच मिटवून टाकू असं तुम्हाला कोणी सुचवलं, तर हे आठवा.

डीजीसीएच्या २०१७ च्या नियमांत अशा वागण्याच्या तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ, धमकीचे हावभाव, नशेतला धिंगाणा यांना तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी. मारहाण, नको तसा स्पर्श, लैंगिक छळ यांना सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतणाऱ्या कृत्यांना किमान दोन वर्षं. निर्णय कंपनीची समिती ३० दिवसांत घेते, आणि तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. हे झालं कंपनीचं. फौजदारी बाजू वेगळी आहे. विनयभंग आणि लैंगिक छळासाठी भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ आणि ७५ लागतात, आणि 'आमच्या हद्दीत येत नाही' असं पोलिसांनी म्हटलं तर शून्य एफआयआर मागा. तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

७. सीटचे पैसे आणि भरपाई मागा

विमान बदललं आणि पैसे भरून घेतलेली सीट गेली, तर सीटचं शुल्क परत मागायचं. ते बहुतेक वेळा आपोआप येत नाही. वरच्या वर्गाचं तिकीट असताना खालच्या वर्गात बसवलं, तर फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमाने देशांतर्गत प्रवासात करांसकट तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के.

आधी कंपनीला ईमेल करा, बोर्डिंग पासचा फोटो जोडून. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ईमेलचा तक्रार क्रमांक हाताशी ठेवूनच फोन लावा, कारण पहिला प्रश्न तोच येतो.