पॉलिथिनला रंग धरायला हवा? मग कॅटॅलिस्ट असा बांधा

हर्णै बंदरावरचे मासळीचे क्रेट बघा, नाव रंगवलं तर थोड्याच दिवसांत पोपडे निघतात, कारण पॉलिथिनमध्ये नुसता कार्बन आणि हायड्रोजन, रंगाला धरायला काहीच नाही. साखळीत अधूनमधून एस्टर (ऑक्सिजन असलेला गट) बसवला की धरतं. आज असं प्लास्टिक हजार बारच्या वरच्या प्रेशरला, रॅडिकल पद्धतीने (सुट्या इलेक्ट्रॉनच्या तुकड्यांनी साखळी वाढवून) बनवतात. कमी प्रेशरला करायचं तर मेटल कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअ‍ॅक्शन चालवणारा धातूचा पदार्थ हवा.

धातू निवडताना टायटॅनियम, झिर्कोनियम सोडा. त्यांना ऑक्सिजनची भारी ओढ, मिथाइल अ‍ॅक्रिलेट (एस्टर असलेला, साखळीत गुंफायचा छोटा रेणू) दिसलं की त्याच्या कार्बोनिललाच (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाला) चिकटतात आणि इथिलीनकडे, म्हणजे पॉलिथिनच्या मूळ रेणूकडे, बघत नाहीत. सुरुवात पॅलेडियमवर करा, महाग आहे पण एस्टर निकेलपेक्षा जास्त सहन करतं, हात बसला की निकेलकडे या.

खरं काम लिगंडमध्ये, म्हणजे धातूला धरून बसणाऱ्या रेणूमध्ये आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ब्रूकहार्टच्या ग्रुपने 1995-96 मध्ये डायइमिन (दोन नायट्रोजनने धातूला धरणारे) लिगंड आणले, नायट्रोजनवरच्या रिंगांना दोन्ही बाजूंनी आयसोप्रोपिल हा जाडजूड गट, म्हणजे आपल्या परड्याभोवती चिऱ्याचा गडगा असतो ना, तसा धातूच्या वर आणि खाली गडगा. तो नसला की नवीन इथिलीन वरून घुसतं, वाढती साखळी सुटते आणि हातात पातळ तेल राहतं. पण पॅलेडियम डायइमिनने फांद्याच फांद्या येतात, एस्टरही बहुतेक फांदीच्या टोकाला. सरळ साखळीतच एस्टर हवा असेल तर रसायनशास्त्रज्ञ ड्रेंटने 2002 मध्ये वापरलेला फॉस्फिन-सल्फोनेट लिगंड घ्या.

अजून एक, अ‍ॅक्रिलेट साखळीत शिरल्यावर त्याचा कार्बोनिल मागे वळून धातूलाच धरतो, रिंग होते आणि स्पीड पडतो. म्हणून नवशिक्याने दुहेरी बंध आणि एस्टर एकमेकांपासून लांब असलेला मोनोमर (साखळीत गुंफायचा रेणू) घ्यावा, एरंडेलापासून मिळणारं मिथाइल अनडेसेनोएट मला फार आवडतं. व्हायनिल क्लोराइडच्या नादी आत्ता लागू नका, क्लोरीन सुटून धातूवर बसतो आणि रिअ‍ॅक्शन तिथेच थांबते.

निकेल अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅक्टिव्हेटरने चालू करणार असाल तर कोकणातला पावसाळा लक्षात ठेवा, त्याला ओलावा चालत नाही. द्रावक म्हणून वापरायचं टोल्युइन सोडियम-बेंझोफेनोनवर (ओलावा काढणारं मिश्रण, ओलावा असला की त्याचा रंग जातो) गडद निळं-जांभळं राहिलं तरच काढा. एकदा जुलैत रंग फिका पडलेला दिसत असूनही मी काढलं आणि अख्खी बॅच गेली, दोष माझाच.

शेवटी कॅटॅलिस्ट न घालता एक ब्लँक रन घ्या, अ‍ॅक्रिलेट आपोआप जुळू नये म्हणून थोडं बीएचटी (रॅडिकल रिअ‍ॅक्शन रोखणारा पदार्थ) घाला, पॉलिमर अ‍ॅसिटोनने नीट धुवा म्हणजे सुटं पॉलिअ‍ॅक्रिलेट निघून जाईल. धुतल्यावरही एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या तपासणीत) 3.6-3.7 ppm ला मिथॉक्सीचा (एस्टरच्या टोकाच्या OCH3 चा) पीक उभा असेल तरच एस्टर साखळीत बसलाय असं धरा.