गेमिंग पीसी: आधी मॉनिटर ठरवा, मग महिना

"ताई, लाखात कुठलं ग्राफिक कार्ड बसेल?" मला येणारे निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. मी साताऱ्यात पीसी जोडून देते. माल बराचसा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतो, थोडा ऑनलाइन. उत्तराऐवजी मी दोन प्रश्न विचारते: मॉनिटर कुठला आणि खेळणार काय? पोरं जरा हिरमुसतात, पण याशिवाय पुढचा एकही पार्ट ठरत नाही.

१०८०पी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि फोर-केवर जवळजवळ ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, कार्डाला एवढं रंगवायचं असतं. म्हणजे फोर-के टीव्हीला जोडायचं स्वप्न असेल तर लाखाचा हिशोब तिथेच संपला. याउलट दिवसभर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक टू खेळणाऱ्याला भारी कार्ड लागत नाही. त्याला जलद प्रोसेसर आणि १६५ किंवा १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर लागतो. सायबरपंकसारखे कथेचे, देखणे गेम खेळणाऱ्याचं गणित बरोबर उलटं. दोघांना एकच मशीन सुचवणारा दुकानदार आपला स्टॉक खपवतोय असं समजा. नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर माझं मत २७ इंची, १४४०पी, आयपीएस पॅनल. तो पुढच्या दोन कार्डांना तरी पुरेल.

आणखी एक गोष्ट आधीच विचारा: हे मशीन राहणार कुठे? मुलगा जूनमध्ये पुण्याच्या होस्टेलला जाणार असेल तर डेस्कटॉपचा हट्ट सोडा आणि लॅपटॉप घ्या. दिवाळीच्या सुट्टीपुरता वापरायला एवढा खर्च कशाला?

कार्ड

मॉनिटरसकट लाखाचं बजेट असेल तर कार्डासाठी पस्तीस ते चाळीस हजार बाजूला काढा. त्याहून कमी ठेवले तर बाकीचं मशीन कार्डाची वाट बघत बसतं.

सध्या या पट्ट्यात भांडण आहे ते एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआयचं एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीशी. ही सगळी २०२५च्या एप्रिल ते जूनमध्ये आली. ५०६० फक्त ८ जीबीचं आहे, बाकी दोन्ही ८ आणि १६ अशा दोन रूपांत मिळतात. नाव तेच, खोकं तेच, मेमरी निम्मी. कोटेशनमध्ये नुसतं "५०६० टीआय" लिहिलेलं असेल तर फोन करून विचाराच. १०८०पीवर ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला ८ जीबी चालून जातात. १४४०पीवर नवे गेम टेक्श्चर (चित्रातले बारीक तपशील) हाय ठेवून खेळायचे असतील तर १६ जीबीच घ्या. कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि ती भरली की सरासरी फ्रेम चांगल्या दिसूनही गेम मध्येच अडखळतो.

जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड टाकणाऱ्यांसाठी एक बारीक मेख आहे. ५०६० आणि ५०६० टीआय पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतात, ९०६० एक्सटी सोळा वापरतं. बी४५०सारख्या जुन्या बोर्डावर हा रस्ता तिसऱ्या पिढीचा, म्हणजे हळू आहे. त्यावर आठ लेनचं, ८ जीबीचं कार्ड टाकलं आणि मेमरी भरली, की फटका जास्त बसतो. अशा बोर्डावर मी ९०६० एक्सटीच टाकते.

भाव रास्त आहे का, हे बघायची माझी पद्धत सोपी आहे. कंपनीने जाहीर केलेली डॉलरमधली किंमत घ्या, डॉलरच्या भावाने गुणा, वर १८ टक्के जीएसटी लावा. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, म्हणून हा जीएसटी विसरायचा नाही. १६ जीबीच्या ९०६० एक्सटीची जाहीर किंमत ३४९ डॉलर होती. डॉलर नव्वदला धरला तर हे सुमारे सदतीस हजार होतात. दुकानातला भाव याच्या दोन-तीन हजार वर असेल तर ठीक. दहा हजार वर असेल तर कार्ड नवंकोरं आलेलं आहे किंवा टंचाई आहे, आणि दोन्हींवर उपाय एकच: थांबणे.

"मावसभाऊ न्यू जर्सीहून येतोय, त्याला आणायला सांगू का?" असंही विचारतात. आधी त्या ब्रँडची वॉरंटी भारतात चालते का ते बघा. बऱ्याच कार्डांची वॉरंटी देशापुरतीच असते. चार हजार वाचवून, पंखा बिघडला की कार्ड परत न्यू जर्सीला पाठवणं परवडत नाही.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमचं दुखणं

नवं मशीन असेल तर मी एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जाते. हा सॉकेट २०२२च्या सप्टेंबरमध्ये आला आणि २०२७पर्यंत तरी त्याला साथ देऊ असं कंपनीने म्हटलंय. म्हणजे आज रायझन ५ ७६००, आणि काही वर्षांनी त्याच बोर्डावर वरचा प्रोसेसर. ६५ वॅटच्या या प्रोसेसरला महागडा बोर्ड आणि पाण्याचा कूलर दोन्ही नको. खोक्यात मिळतो तो पंखा पुरतो.

७५००एफ थोडा स्वस्त मिळतो आणि गेममध्ये जवळपास तेवढाच चालतो, तरी मी ७६००च सुचवते. ७५००एफमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीत गेलं की ते परत यायला आठवडे लागू शकतात, आणि सर्व्हिस सेंटर पुण्या-मुंबईत. ७६०० असेल तर तोवर मॉनिटरची वायर बोर्डाला लावून प्रोजेक्ट-सबमिशन तरी होतात. गावात राहणाऱ्याने हे मुंबईकरापेक्षा जास्त मनावर घ्यावं.

आता रॅम. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत डीडीआर५चे, म्हणजे नव्या मशीनला लागणाऱ्या रॅमचे, भाव दुपटीच्याही वर गेले. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या कांडीवरच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त पैसा दिसतोय. मायक्रॉनने तर २०२५च्या डिसेंबरमध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळे "रॅम उतरली की घेऊ" म्हणून दोन-तीन महिने थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग काय करायचं? ३२ जीबीचा हट्ट तूर्त सोडायचा. १६ जीबी घ्या, पण ८-८च्या दोन कांड्या की १६ची एक, हे खेळावर ठरवा. दोन कांड्यांनी ड्युअल चॅनल, म्हणजे मेमरीकडे जायला दोन वाटा, मिळतो आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळात फ्रेम स्पष्ट वाढतात. पण डीडीआर५मध्ये चार कांड्या लावल्या की वेग खाली आणावा लागतो, म्हणून पुढे ३२ करताना या दोन्ही विकाव्या लागतील. सेकंदाला साठ-ऐंशी फ्रेमवर कथेचे गेम निवांत खेळणाऱ्याने १६ची एकच कांडी घ्यावी आणि भाव उतरल्यावर तशीच दुसरी शेजारी लावावी.

घरी डीडीआर४ रॅमचं जुनं मशीन पडून असेल तर ते आधी उघडून बघा. चांगली १६ जीबी निघाली तर एएम४ या आधीच्या सॉकेटवर रायझन ५ ५६०० बसवून आजच्या भावात बरेच पैसे वाचतात. सॉकेट जुना, पुढे वाढायला जागा नाही, हे मान्य. तरी सध्या हा सौदा मला वाईट वाटत नाही.

इंटेल घेऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त जुन्या बाजारात तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय७, आय९ स्वस्त दिसले तर सांभाळून. व्होल्टेजच्या दोषामुळे त्यातले काही कायमचे बिघडले. इंटेलने २०२४मध्ये बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली, पण आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही.

एसएमपीएस आणि घरची वीज

कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, नको. नावाजलेल्या ब्रँडचा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) पुरे. कोटेशनमध्ये नुसतं "६५० वॅट" नको, मॉडेलचं नाव हवं.

यूपीएस मात्र लोक सगळ्यात शेवटी आठवतात आणि ६०० व्हीएचा उचलतात. तो बहुधा ३६० वॅटच देतो. ९०६० एक्सटी आणि ७६००चं मशीन गेम चालू असताना मॉनिटर धरून तीनशे-सव्वातीनशे वॅट ओढू शकतं. ऐन सामन्यात लाइट गेली की तो यूपीएस नुसता ओरडून बंद पडेल. एक केव्हीए किंवा वरचा घ्या.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसीत दोष शोधण्याआधी वायरमनला बोलवून त्या पॉइंटचं अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तिसरं भोक कित्येकदा शोभेला असतं.

कधी घ्यायचं

पाडव्याला आणि दसऱ्याला माझ्याकडे गर्दी होते. मुहूर्तावर जरूर घ्या, पण सुटे पार्ट त्या दिवशी फार स्वस्त मिळतील ही आशा नको. ऑनलाइन सेलमधली मोठी सूट फोन, टीव्ही, लॅपटॉपवर असते. पार्टचा भाव डॉलर आणि वितरकाकडचा साठा ठरवतो. सेलमध्ये खरा फायदा होतो तो बँक कार्डावरच्या सवलतीचा, तोही बहुतेक मॉनिटर, एसएसडी, कीबोर्डवर. "नो कॉस्ट ईएमआय" असेल तर व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरून बेरीज करा.

"जीएसटी उतरलाय" असं सांगून कार्ड विकणाऱ्याला हसून सोडून द्या. २२ सप्टेंबर २०२५ला २८वरून १८ टक्क्यांवर आले ते ३२ इंचांहून मोठे मॉनिटर. कार्ड, प्रोसेसर, रॅम आधीही १८वरच होते.

नव्या पिढीचं म्हणाल तर घोषणा साधारण जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएसला आणि मे-जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्सला होतात. नवं कार्ड आलं की पहिले काही आठवडे आपल्याकडे भाव चढा असतो; दोन-तीन महिने जाऊ द्या. "नवं आलं की जुनं स्वस्तात उचलू" हे प्रोसेसरमध्ये बऱ्याचदा जमतं. कार्डात तेवढं नाही. २०२४च्या शेवटी आरटीएक्स ४०ची वरची कार्डं स्वस्त व्हायच्या ऐवजी दुकानांतून दिसेनाशीच झाली.

जीटीए सिक्ससाठी आत्ताच पीसी घेणारे तर मला कळतच नाहीत. १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर तारीख प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची आहे, पीसीची नाही. जीटीए फाइव्ह कन्सोलवर २०१३च्या सप्टेंबरमध्ये आला आणि पीसीवर २०१५च्या एप्रिलमध्ये. रेड डेड रिडेम्प्शन टूला वर्षभर लागलं. आज असलेल्या गेमसाठी मशीन घ्या.

माझा ठाम आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पार्ट दर महिन्याला एकेक करून घेऊ नका. पगारातून हळूहळू जमवणं शहाणपणाचं वाटतं खरं. पण जूनमध्ये बोर्ड, ऑगस्टमध्ये प्रोसेसर, दिवाळीला कार्ड असं घेतलं तर बोर्ड चालतो की नाही हे दिवाळीला कळतं. बिघडलेला माल दुकानातून सरळ बदलून मिळायची मुदत थोड्याच दिवसांची असते. ती संपली की सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या. वॉरंटीचं घड्याळ बिलाच्या तारखेपासून चालू झालेलं असतं ते वेगळंच. पैसे साठवा, यादी पक्की ठेवा, भावावर नजर ठेवा आणि सगळं एका पंधरवड्यात घ्या. अपवाद मॉनिटरचा. तो आज लॅपटॉपला लावूनही तपासता येतो.

दुकानात, आणि घरी आल्यावर

तीन दुकानांतून कोटेशन मागवा आणि प्रत्येक ओळीत पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. "१ टीबी एसएसडी" आणि "१६ जीबी रॅम" या दोन ओळींत सगळ्यात जास्त हातचलाखी चालते. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएसचे सिरियल नंबर लिहून घ्या. बिनबिलाचे दोन हजार वाचवणाऱ्यांचे फोनही मलाच येतात, पण वर्षभराने.

एएम५च्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर घेत असाल तर बायॉस अपडेट करूनच द्या असं सांगा. ऑनलाइन आलेलं खोकं उघडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा.

मशीन पहिल्यांदा चालू झालं की मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, कार्डाला लागलीय ना ते बघा. बायॉसमध्ये एक्स्पो (रॅमच्या पूर्ण वेगाची सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानेच धावते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट हाताने १६५ किंवा १८० करा. कित्येक जण वर्षभर ६०वरच खेळत असतात. व्हॅलोरंटसाठी विंडोज ११वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सेटिंग चालू असाव्या लागतात. मग बदलून मिळायची मुदत असेपर्यंत रोज दोन-तीन तास जड गेम चालवा, कार्डाचं तापमान बघा, सगळे यूएसबी आणि ऑडिओ पोर्ट एकेक करून तपासा. बिलाचा फोटो लगेच काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई उडते. कार्डाचं आणि बोर्डाचं खोकं आतल्या पॅकिंगसकट वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, आणि आईला तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते रद्दीत जातं.